समरूप जुळी आणि आनुवंशिकता

समरूप जुळी : एकाच फलित बीजांडाचे पहिल्या काही दिवसांत दोन भाग होऊन जन्मलेली भावंडे. ‘जुळी’ किंवा ‘जावळी’ हे शब्द मराठीत दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना चालतात. दोन वेगळ्या बीजांडांतून आलेली ‘भिन्न जुळी’ मात्र जनुकांच्या दृष्टीने साध्या सख्ख्या भावंडांसारखीच असतात. समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत एक असतात, म्हणूनच एकाला झाकावे नि दुसऱ्याला काढावे इतके साम्य दिसते. जगभरात दर हजार बाळंतपणांमागे साधारण ४ वेळा अशी जुळी होतात. जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात या समजुतीला काही आधार नाही.

सांगलीकडच्या शेतकऱ्याला हा विषय द्राक्षबागेत उभा राहून समजतो. तासगाव किंवा मिरज तालुक्यातल्या बागेत थॉमसन सीडलेस हा बिनबियांचा द्राक्षवाण बियांपासून लावत नाहीत. डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर त्याच्या काडीचे कलम करतात. म्हणजे बागेतल्या सगळ्या वेली एकमेकींच्या जुळ्या बहिणी. तरी खरड छाटणी आणि फळछाटणी एकाच दिवशी झालेल्या दोन ओळींत मुरमाड चढावरच्या ओळीचा मणी बारीक राहतो आणि खालच्या काळ्या रानातल्या ओळीचा भरतो. काडी एकच असल्याने हा फरक माती, पाणी आणि निगा यांच्याकडेच शोधावा लागतो.

जुळ्यांचा अभ्यास याच तर्कावर उभा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये जुळ्यांच्या आयुष्याची माहिती गोळा करून निसर्ग आणि संगोपन यांची तुलना केली. समरूप आणि भिन्न जुळ्यांमधले साम्य शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत १९२४ मध्ये जर्मनीत त्वचारोगतज्ज्ञ हेर्मान सीमेन्स यांनी मांडली. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तेव्हा एखादा आजार समरूप जोड्यांत दोघांनाही होण्याचे प्रमाण भिन्न जोड्यांपेक्षा बरेच जास्त असेल, तर त्यात जनुकांचा हात मोठा असे मानतात. लहानपणी वेगळ्या घरांत गेलेल्या जुळ्यांचा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला प्रसिद्ध अभ्यास १९७९ मध्ये सुरू झाला.

कुष्ठरोगाचे उदाहरण इथल्या वाचकाने मुद्दाम पाहावे. मिरजेत या रुग्णांसाठी मिशनचे वेगळे रुग्णालय आहे, आणि ‘हा रोग रक्तातून येतो’ म्हणून सोयरीक मोडण्यापर्यंत जाणारी घरेही होती. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. पण भारतातल्या जुळ्यांवरच्या, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघांनाही रोग असण्याचे प्रमाण समरूप जोड्यांत सुमारे ६० टक्के आणि भिन्न जोड्यांत सुमारे २० टक्के आढळले. जंतू बाहेरून येतो; त्याच्याशी शरीर कसे झुंजते, यात जनुकांचा वाटा असतो. समरूप जोड्यांतही कित्येकदा एकच आजारी पडला, हेही त्याच आकड्यांत आहे. औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या रोगासाठी घराण्याला बोल लावणे हा अन्यायच होता.

मधुमेहाबद्दल ‘साखर आमच्या घराण्यातच आहे’ असे सर्रास म्हणतात. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात समरूप जुळ्यांमधले साम्य भिन्न जुळ्यांपेक्षा खरोखरच ठळक असते. पण घराण्यातून जनुकांबरोबर ताटातली भाकरी, चहातली साखर आणि बसून राहण्याची सवयही येते.

‘उंची सुमारे ८० टक्के आनुवंशिक’ यासारख्या वाक्याचा अर्थ हमखास चुकतो. एका माणसाच्या उंचीतला ८० टक्के भाग जनुकांचा, असा तो नाही. त्या समाजातल्या माणसामाणसांतला उंचीचा फरक किती प्रमाणात जनुकांतल्या फरकामुळे आहे, एवढेच तो आकडा सांगतो. सगळ्या रानाला सारखे पाणी मिळाले, तर पिकातला उरलेला फरक बहुतेक बियाण्याचाच दिसणार. अर्ध्या रानाला पाणी तोडले की तोच आकडा खाली येतो. म्हणून सुबत्तेच्या देशातला आकडा जत किंवा आटपाडीच्या दुष्काळी गावाला जसाच्या तसा लावता येत नाही.

वेगळेपणाची सुरुवात पोटातच होते. बहुतेक समरूप जुळ्यांना एकच वार (प्लॅसेंटा) असते, पण तिचा वाटा दोघांना सारखा मिळेलच असे नाही. अशा गरोदरपणांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत वारेतल्या रक्तवाहिन्यांच्या जोडांमधून एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त जाते आणि दोघांच्याही जिवाला धोका होतो. वार एक की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत सर्वांत नीट कळते. जुळी आहेत एवढ्यावर समाधान न मानता हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. बोटांच्या रेषाही पोटातच वेगळ्या घडतात, म्हणून रेशन दुकानातले यंत्र जुळ्या भावाचा अंगठा ओळखत नाही.

पुढे वय वाढते तसे अंतर वाढते. स्पेनमधल्या संशोधकांनी ४० समरूप जोड्या तपासून २००५ मध्ये दाखवले, की लहान जुळ्यांमध्ये जनुकांवरच्या रासायनिक खुणा जवळजवळ सारख्या असतात, तर वयस्कर जुळ्यांमध्ये बऱ्याच वेगळ्या झालेल्या दिसतात. या खुणा जनुक बदलत नाहीत. कोणते जनुक चालू, कोणते बंद, यावर परिणाम करतात. खुद्द जनुकांतही किरकोळ फरक पडतो : आइसलँडमधल्या २०२१ च्या अभ्यासात समरूप जुळ्यांमध्ये गर्भाच्या सुरुवातीच्या काळातले सरासरी ५ बदल वेगळे निघाले. द्राक्षातही हे घडते. तास-ए-गणेश हा वाण थॉमसनच्याच वेलींतून तासगाव तालुक्यात निवडला गेला.

विटा-आटपाडी भागातून कित्येक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेली आहेत. समजा, जुळ्यांपैकी एक भाऊ परराज्यातल्या गाळ्यात भट्टीपुढे, तेजाबाच्या वाफेत बसला आणि दुसरा माणदेशात शेती-मेंढ्यांमागे चालत राहिला. पन्नाशीत दोघांची फुप्फुसे, वजन आणि रक्तदाब वेगवेगळे निघाले, तर ते जनुकांवर ढकलता येणार नाही. मात्र दोघांपैकी एकाला साखर निघाली, तर दुसऱ्याने त्रास होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे.