एका डिस्कवरून दुसऱ्या औषधाचा अंदाज : पार्श्वभूमी

पावसाळ्यात मुंबईत टायफॉइडचे रुग्ण वाढतात. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेला टायफी सापडला की त्याचा थर म्यूलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरून त्यावर पेफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) ठेवली जाते. रुग्णाला हे औषध द्यायचे नसते. डिस्कभोवतीचे, जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ २४ मिलिमीटर वा अधिक भरले, तर त्याच गटातले सिप्रोफ्लॉक्सॅसिन लागू पडेल असे समजतात.

या पद्धतीचा उगम सोयीत आहे. बॉवर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये डिस्क-चाचणीचे प्रमाणीकरण केले. पण एका प्लेटवर मोजक्याच डिस्क मावत असल्याने एका गटातले एकच औषध तपासून बाकीच्यांचा निष्कर्ष काढणे रूढ झाले. टेट्रासायक्लिनला दाद देणारा जिवाणू डॉक्सिसायक्लिनलाही दाद देतो, असे मानले जाते. टेट्रासायक्लिनला दाद न देणारा जिवाणू डॉक्सिसायक्लिनलाही दाद देणार नाही, असे मात्र म्हणता येत नाही, आणि हे विसरल्यास उपयोगी औषध विनाकारण बाद होते.

पुढे सोयीपेक्षा अचूकता महत्त्वाची ठरली. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू १९६१ मध्ये ब्रिटनमधून नोंदवला गेला. परंतु असा प्रतिरोध मेथिसिलिन वा त्याच गटातल्या ऑक्सासिलिनच्या डिस्कने कित्येकदा निसटत असे. सेफॉक्सिटिन हे प्रतिजैविक या प्रतिरोधाच्या मेक-ए जनुकाला अधिक जोमाने चालना देते, म्हणून त्याचीच डिस्क अधिक विश्वासार्ह ठरली.

टायफॉइडचा अनुभव अधिक बोलका आहे. १९९० च्या सुमारास भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिघांनाही एकदम प्रतिरोध दिसू लागल्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हाच आधार उरला. मात्र जिवाणूच्या जायर-ए जनुकातील एका बदलाने त्याचा प्रभाव थोडाच घटत असल्याने जुन्या निकषानुसार रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' छापले जाई, आणि रुग्णाचा ताप लांबत राही. हा बदल त्याच गटातल्या जुन्या नॅलिडिक्सिक आम्लाची डिस्क लगेच दाखवून देई. प्लास्मिडवरील (जिवाणूतील डीएनएच्या छोट्या, वेगळ्या कड्यांवरील) क्यूएनआर ही प्रतिरोधाची जनुके मात्र तिच्याही नजरेतून सुटत असल्याने पेफ्लॉक्सॅसिन पुढे आले.

आज सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन यांच्यावर भिस्त आहे. ती वेगळ्या गटांतली असल्याने पेफ्लॉक्सॅसिनच्या वर्तुळावरून त्यांच्याविषयी काहीच ठरवता येत नाही. त्यांची तपासणी स्वतंत्रच करावी लागते.