कॅस्ट्रो स्ट्रीटचा नगरसेवक: हार्वी मिल्क यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क यांचे नाव निघाले की आधी आठवतो तो १९७८ मधला त्यांचा खून, आणि मग त्यांचे सारे राजकारण त्या शोकांतिकेची प्रस्तावना वाटू लागते. प्रत्यक्षात मिल्क हे तीनदा पडलेले उमेदवार होते, आणि चौथ्या खेपेस ते निवडून आले ते सॅन फ्रान्सिस्कोने मतदानाची पद्धत बदलल्यानंतर. त्यामुळे या कारकिर्दीचा उगम त्यांच्या धाडसाइतकाच प्रभागांच्या वादातही शोधावा लागतो.

उघडपणे समलिंगी असलेल्या व्यक्तीने या शहरात निवडणूक लढवण्याची सुरुवात मिल्क यांच्यापासून झालेली नाही. १९६१ मध्ये होजे सारिया या बारमधल्या कलावंताने बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची, म्हणजे तिथल्या नगरमंडळाची, निवडणूक लढवून साडेपाच हजारांच्या वर मते मिळवली होती. त्या काळी समलिंगी संबंध हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता, आणि तो कायदा १९७६ उजाडेपर्यंत टिकला.

मिल्क यांचा जन्म १९३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातला. नौदल, शाळा, विमा कंपनी आणि वॉल स्ट्रीट अशा नोकऱ्या करून, आणि १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर या कट्टर रिपब्लिकन उमेदवाराचा प्रचारही करून, ते चाळिशी ओलांडल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाले. १९७३ मध्ये त्यांनी जोडीदार स्कॉट स्मिथ यांच्यासह कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचे दुकान उघडले. आयरिश कॅथलिक कामगारांची ही वस्ती तेव्हा रिकामी होत होती, कुटुंबे उपनगरांकडे चालली होती आणि त्यांची जुनी व्हिक्टोरियन घरे समलिंगी तरुण घेत होते. विक्रीकरापोटी शंभर डॉलर अनामत भरा, असे सांगत एक सरकारी अधिकारी दुकानात आला, तेव्हा मिल्क यांनी आठवडेच्या आठवडे हुज्जत घालून ती रक्कम तीस डॉलरवर आणली. पुढे एक शिक्षिका शाळेतला प्रोजेक्टर बंद पडला म्हणून त्यांच्याकडचा मागायला आली. हे दोन्ही प्रसंग मिल्क आपल्या उमेदवारीचे कारण म्हणून सांगत. त्यांत समलिंगी हक्कांचा उल्लेखही नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

१९७३ मध्ये, केसांची शेपटी बांधून आणि ‘सोप’ अशी अक्षरे रंगवलेल्या खोक्यावर (रस्त्यावरच्या वक्त्याच्या व्यासपीठाला इंग्रजीत ‘सोपबॉक्स’ म्हणतात) उभे राहून भाषणे करत, ते बत्तीस उमेदवारांत दहावे आले. सर्व सदस्य तेव्हा संपूर्ण शहराच्या मतांवर निवडले जात, त्यामुळे कॅस्ट्रोतली भरघोस मते शहरभरच्या बेरजेत विरघळून जात. शिवाय ‘ॲलिस बी. टोक्लस’ या समलिंगींच्या राजकीय क्लबमधले प्रस्थापित समलिंगी नेते उदारमतवादी पुढाऱ्यांशी जुळवून घेण्याच्या मताचे होते, आणि या नवख्या माणसाला त्यांनी जवळ केले नाही. मिल्क यांनी सोबती शोधले ते वेगळ्याच ठिकाणी. बिअरच्या ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेने कूर्स बिअरवर बहिष्कार पुकारला, तेव्हा त्यांनी समलिंगी बारमधून ती बिअर हटवायला लावली आणि त्या बदल्यात समलिंगी चालकांना कामावर घेण्याचा आग्रह धरला. पुढे अनेक कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, त्याचे मूळ या सौद्यात आहे.

१९७५ मध्ये शेपटी कापून, सूट चढवून ते पुन्हा उभे राहिले. जागा सहा होत्या आणि ते सातवे आले. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्यांना परवाना अपील मंडळावर नेमले, पण राज्य विधानसभेची उमेदवारी जाहीर करताच, नेमणुकीनंतर पाच आठवड्यांतच, ते पद गेले. विधानसभेसाठी आर्ट ॲग्नोस यांच्याकडून झालेला पराभव चार हजारांहून कमी मतांचा होता.

नोव्हेंबर १९७६ मध्ये मतदारांनी प्रभागनिहाय निवडणुकीला मंजुरी दिली. शेजारसमित्या आणि अल्पसंख्याक गट ही मागणी लावून धरत होते, कारण शहरभर प्रचार करण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. वर्षभराने मिल्क प्रभाग ५ मधून सोळा प्रतिस्पर्ध्यांना हरवून निवडून आले. त्याच निवडणुकीत प्रभाग ८ मधून माजी पोलीस आणि अग्निशामक डॅन व्हाइटही आले. व्हाइट यांनाही दार उघडले ते याच पद्धतीने.

मिल्क यांना पदावर जेमतेम अकरा महिने मिळाले. लैंगिक कलावरून नोकरी आणि घर नाकारण्यास मनाई करणारा शहराचा कायदा या काळात मंजूर झाला, आणि त्याविरुद्ध पडलेले एकमेव मत व्हाइट यांचे होते. वर्तमानपत्रांत मात्र जास्त गाजला तो कुत्र्यांची विष्ठा मालकांनीच उचलावी हा नियम. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा ब्रिग्ज प्रस्ताव ७ नोव्हेंबर १९७८ रोजी राज्यभरात दहा लाखांहून अधिक मतांनी फेटाळला गेला. त्या विरोधाच्या प्रचारात मिल्क आघाडीवर होते. राजीनामा देऊन पुन्हा पद मागणाऱ्या व्हाइट यांनी २७ नोव्हेंबरला मॉस्कोनी आणि मिल्क या दोघांना सिटी हॉलमध्ये गोळ्या घातल्या.

मिल्क यांच्या जागी हॅरी ब्रिट या समलिंगी कार्यकर्त्याची नेमणूक झाली. ऑगस्ट १९८० मध्ये मतदारांनी प्रभाग पद्धत रद्द केली, ती २००० सालीच परत आली. मधल्या काळात, १९८० च्या नोव्हेंबरात, ब्रिट संपूर्ण शहराच्या मतांवर निवडून आले.