दस्ताना मागवण्याआधी

"बाजूबंद हवेत" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, दागिना की कवच? ही सवय ठेच लागून लागली. एका नाट्यमंडळाला सरदारासाठी हातकवच हवं होतं आणि आम्ही पाठवले दंडावर बांधायचे मोत्यांचे बाजूबंद. प्रयोग दोन दिवसांवर! मनगटापासून कोपरापर्यंतच्या पोलादी कवचाला जुन्या काळी दस्ताना म्हणत आणि बाजूबंदही म्हणत. आम्ही इथे दस्तानाच म्हणतो.

हाताच्या बाहेरच्या अंगाला कौलासारखा वळवलेला लांब पत्रा असतो. तो कोपराकडे निमुळता होत वर जातो, म्हणजे कोपरही झाकलं जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला बिजागरीवरचे छोटे पत्रे असतात. खीळ सरकवली की ते मिटतात. पंजाच्या पाठीवर कड्यांची जाळी किंवा गादी भरलेलं कापड येतं. तळवा मात्र मोकळा, कारण तलवारीची मूठ धरायची असते.

लढाईत वार आधी पुढे आलेल्या हातावर यायचा. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा हातच जिवा महालाने कलम केल्याचं सांगतात, "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण तिथलीच.

मिरवणुकीतल्या प्रत्येक मावळ्याला दस्ताना चढवू नका. ही महागडी, सरदारांच्या अंगावर शोभणारी चीज. आमची विक्री घटली तरी चालेल. आणि हातात दांडपट्टा असेल (२०२४ पासून तो आपलं राज्यशस्त्र आहे) तर त्या हाताला दस्ताना नकोच. पट्ट्याचा खोबळा पंजा आणि मनगट झाकतो, आत दुसरा पत्रा मावत नाही.

माप अंगरख्याची बाही घालून, मूठ आवळून घ्या. मूठ आवळली की हात फुगतो, आणि सैल हाताच्या मापाचा दस्ताना अर्ध्या मिरवणुकीत रुतायला लागतो. कोपराच्या हाडापासून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी आणि हाताचा सर्वांत जाड घेर, एवढं कळवा. घड्याळ घरी ठेवा, फोटोत दिसतं.

आमचा पत्रा २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी. कड्या नुसत्या मिटवलेल्या आहेत, जुन्यांसारख्या रिव्हेट ठोकलेल्या नाहीत. त्यामुळे खऱ्या पात्याचा वार यावर घेऊ नका, गंमत म्हणूनही नाही. सोनेरी वेलबुट्टी रंगाची आहे. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक चरे पाडून त्यात सोन्याची तार ठोकतात. ते काम या किमतीत कुणी देऊ केलं तर सावध राहा.

घामाने पत्रा एका रात्रीत गंजतो. घरी आल्या आल्या कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, अस्तर उन्हात टाका. चिंच-लिंबू लावू नका, रंग जातो.

भाड्याने नेलं असेल तर परत करताना दोन्ही खिळा मोजून द्या. हरवतात त्याच, आणि खीळ नसली की पुढच्या गिऱ्हाइकाला आम्ही दस्ताना सुतळीने बांधून देतो.