आग विझवली की पाइनचं रान वाचतं? नाही, उलट मरतं

दक्षिण फ्लोरिडात चुनखडीवर वाढणारं पाइन-पामचं रान वणव्याने संपतं, हा समज जुनाच. खरं तर साधारण 3 ते 7 वर्षांनी जमिनीलगतची आग फिरली नाही, तर दोन-तीन दशकांत रुंद पानांची झाडं दाटतात आणि पाइनच्या रोपांना ऊनच मिळत नाही. तिथल्या स्लॅश पाइनची साल जाड, पापुद्र्यांची. रोप सुरुवातीला गवताच्या झुबक्यासारखं, कोंब सुयांसारख्या पानांत दडलेला. पामची तर गंमतच: रसवाहिन्या खोडभर विखुरलेल्या, म्हणून बाहेरून कोळसा झाला तरी शेंड्यातून नवं पान फुटतं. धोका असतो तो वर्षानुवर्षं साचलेल्या सुयांच्या थराचा. तो धुमसत राहतो आणि खडकाच्या खळग्यांतली मुळं भाजून काढतो. तिथल्याच एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात 1958पासून मुद्दाम आग लावतात, ती म्हणूनच.