शिक्षण सल्ल्याचं, नोकरी विक्रीची

आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज मुंबईत १९१३ साली निघालं. त्यानंतरची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं कॉमर्स म्हणजे जमाखर्च, कंपनी कायदा, कॉस्टिंग आणि बँकिंग. घरच्या पैशाचं नियोजन हा शिकण्याचा विषय आहे असं कुणाला वाटत नव्हतं. त्यासाठी पोस्ट होतं, ओळखीतला विमा एजंट होता आणि मार्च अखेरची कर वाचवण्याची धावपळ होती.

चित्र बदललं ते नव्या शतकाच्या तोंडावर. मुंबईत १९९९-२००० च्या सुमारास बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत बीबीआय (बँकिंग आणि विमा), बीएएफ (लेखा आणि वित्त), बीएफएम (वित्तीय बाजार) हे अभ्यासक्रम आले. सगळे सेल्फ फायनान्स, म्हणजे फी साध्या बीकॉमच्या कितीतरी पट. विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना नुकतंच खुलं झालं होतं, म्युच्युअल फंडांचं पेव फुटलं होतं आणि काउंटरमागून बाहेर पडून ग्राहकाकडे जाणारी मुलं बँकांना हवी होती. कॉलेजांना उत्पन्न हवं होतं. विद्यार्थ्याला काय हवं, हा प्रश्न त्या घाईत जरा मागेच पडला.

शिकवलं मात्र वाईट जात नव्हतं. टीवाय म्हणजे शेवटच्या वर्षाच्या बीएमएसला फायनान्स घेतलं की पाचव्या सत्रात वेल्थ मॅनेजमेंटचा, म्हणजे घरच्या पैशाच्या नियोजनाचा पेपर. त्यात ठरलेलं गणित असायचं: तिशीतल्या माणसाचा महिन्याचा खर्च ३० हजार, महागाई ६ टक्के, निवृत्ती साठीला. तीस वर्षांनी तोच खर्च १ लाख ७२ हजारांवर जातो. मग त्यासाठी आजपासून किती बाजूला टाकायचे ते काढा. हे गणित बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी मिळायची ती रिलेशनशिप मॅनेजरची, म्हणजे ग्राहक गाठून विकण्याची. तिथे विचारलं जायचं एवढंच, की या महिन्यात पॉलिसी किती काढल्या आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातले मासिक हप्ते) किती आणल्या.

शिक्षण आणि नोकरीतल्या या दरीचं मूळ सेबी या बाजार नियामकाच्या निर्णयांत आहे. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांवरचा एंट्री लोड बंद झाला. तोवर गुंतवणूकदाराच्या पैशातून साधारण सव्वादोन टक्के आधीच कापले जायचे आणि विकणाऱ्याचं त्यावर भागायचं. आता सल्ल्याचे पैसे ग्राहकाने वेगळे द्यावेत, अशी अपेक्षा होती. २०१३ च्या जानेवारीत डायरेक्ट प्लॅन आले, म्हणजे मधल्या वितरकाशिवाय थेट फंडात गुंतवायची सोय. त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागारांसाठी नियमावली आली: नोंदणी करा, परीक्षा द्या, फी ग्राहकाकडून घ्या. पात्रता त्यातल्या त्यात माफक होती. वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका चालायची. ती नसेल, तर कुठलीही पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव.

२०२० मध्ये त्या ‘किंवा’चं ‘आणि’ झालं. पदव्युत्तर शिक्षणही हवं आणि पाच वर्षांचा अनुभवही. शिवाय एकट्याने काम करणाऱ्याचं नक्त मूल्य, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, किमान ५ लाख. ग्राहक दीडशेच्या वर गेले की एकट्याने काम करता येणार नाही, संस्था म्हणून नोंदणी करायची. आधीपासून नोंदलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या सल्लागारांना मात्र शिक्षण-अनुभवाच्या नव्या अटींतून सूट. यामागचा युक्तिवाद खोटा नव्हता. टिप्स विकणाऱ्यांनी सल्लागाराच्या नावाखाली धुमाकूळ घातला होता आणि लोकांचे पैसे बुडत होते. पण झळ कुणाला बसली? तीन वर्षं हाच विषय शिकून बाहेर पडलेल्या मुलाला. त्याने आधी एमकॉम किंवा एमबीए करायचं, मग पाच वर्षं अनुभव घ्यायचा. तो घ्यायचा कुठे, तर बहुतेकांसाठी त्याच विक्रीच्या टेबलावर. म्हणजे टार्गेटवर धावायला शिकून झाल्यावर निःपक्ष सल्ला द्यायला मोकळे.

विक्रीची वाट मात्र सताड उघडी होती. विमा एजंट व्हायला दहावी पास आणि एक परीक्षा पुरते. कमिशनवर फंड विकणाऱ्या वितरकाचंही एका परीक्षेवर भागतं. वितरकांनी स्वतःला ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ म्हणवून घ्यायला २०२० च्याच नियमांनी बंदी केली, तेवढं बरं झालं. परिणाम आकड्यांत दिसला: वितरक लाखाच्या वर, आणि नोंदणीकृत सल्लागार २०२४ पर्यंत देशभरात मिळून हजाराच्याही खाली. एवढ्या मोठ्या देशात ही संख्या म्हणजे थट्टाच.

डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने पाऊल मागे घेतलं. वित्त, वाणिज्य, बँकिंग, विमा अशा विषयांतली साधी पदवी पुरेशी ठरली, अनुभवाची अट गेली आणि नक्त मूल्याच्या जागी अनामत आली: दीडशे ग्राहकांपर्यंत १ लाख, तीनशेपर्यंत २ लाख, त्यापुढे आणखी वाढत जाणारी. एकट्याने सांभाळायच्या ग्राहकांची मर्यादाही तीनशेवर गेली, आणि दुसरा व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सल्लागार होण्याची मुभा मिळाली. बीबीआय किंवा बीएफएम झालेल्या मुलामुलींना परीक्षा देऊन थेट सल्लागार होण्याचा रस्ता मोकळा झाला.

त्याच वर्षी राज्यात बीएमएस-बीबीएच्या प्रवेशासाठी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा आली. ती टाळायला मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी बीएमएसची पाटी बदलून ‘बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज’ केली. पालकांची चर्चा त्या गोंधळातच अडकली आणि सल्लागारीच्या बदललेल्या अटी कॉलेजांच्या माहितीपत्रकांत फारशा पोचल्याच नाहीत.

फीचा तिढा राहिलाच आहे. ठरावीक रकमेने फी घेणाऱ्या सल्लागाराला एका कुटुंबाकडून वर्षाला १ लाख ५१ हजारांपर्यंत घेता येतात. आधी ही मर्यादा सव्वा लाखाची होती. पण एजंटकडून पहिल्या हप्त्यातच काहीतरी परत मिळवायची सवय असलेल्या घरात एकवीस वर्षांच्या मुलीने सल्ल्याचे पाच हजार मागितले, तर पहिला प्रश्न येतो, ‘अगं, बँकेतला माणूस तर फुकट सांगतो.’