परवानगी नेमकी कोणाची?

चवथीच्या तोंडावर डिचोलीतल्या एका छापखान्यातून फोन आला. नवा कॉम्प्युटर आणला होता, त्याला जुन्या विंडोज एक्सपी मशीनची हार्ड डिस्क जोडली होती. मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्राम त्या डिस्कवर होता आणि आयकॉनवर डबल क्लिक केलं की परवानगी नसल्याचा संदेश येत होता. आरत्यांच्या पुस्तिका अडून पडल्या होत्या. मालक काकुळतीला आले होते, ‘कॉम्प्युटर माझा, प्रोग्राम माझा, मग परवानगी कोणाची रे घ्यायची?’

प्रश्न रास्त होता, पण उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

परवानगीची कल्पना घरच्या कॉम्प्युटरवर जन्मलेलीच नाही. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सीटीएसएस ही यंत्रणा प्रथम दाखवली गेली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांनी एका वेळी काम करायचं, म्हणजे एकाच्या फाइलला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. पासवर्ड तिथूनच आला. पुढे अमेरिकेतल्याच बेल लॅब्स या संशोधन संस्थेत घडलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्या वेगळ्या केल्या. युनिक्सच्याच वळणावर बेतलेल्या लिनक्सवर आजही एखादी फाइल वाचता येते पण चालत नाही, ते यामुळेच.

घरोघरी आलेल्या डॉस आणि विंडोज 95, 98 मध्ये मात्र यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या फॅट पद्धतीच्या डिस्कवर फाइलचा मालक नोंदवायला जागाच नव्हती. समोर बसेल तो धनी. 1993 च्या विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही डिस्कवर फाइली ठेवण्याची नवी पद्धत आली आणि प्रत्येक फाइलला मालक व परवानग्यांची यादी मिळाली. 2001 साली एक्सपीने हा पाया घराघरांत नेला, पण बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानेच वावरत राहिले. त्यामुळे चुकून उघडलेल्या व्हायरसलाही तेच अधिकार मिळत. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ते बदललं: ॲडमिनिस्ट्रेटरचे प्रोग्रामही साध्या अधिकाराने चालणार, जास्त हवं असेल तर विचारणार. लोक त्या विचारण्याला इतके वैतागले की अनेकांनी ती सोयच बंद केली. माझ्या मते ती आजवरची सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

छापखान्यात प्रोग्रामच्या फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी टॅब उघडला. फोल्डर एक्सपीवरच्या जुन्या युजरच्या डेस्कटॉपवर होता. यादीत नावाऐवजी एस-1-5-21 ने सुरू होणारा लांबलचक आकडा. विंडोज प्रत्येक खात्याला असा क्रमांक देते आणि परवानगी नावाला नव्हे, त्या क्रमांकाला बांधलेली असते. नव्या मशीनवर नाव तेच ठेवलं तरी क्रमांक वेगळाच पडतो.

पूर्ण सी ड्राइव्ह सगळ्यांना खुला करण्याचा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो कृपा करून ऐकू नका. मी त्याच टॅबमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन त्या एकाच फोल्डरची मालकी, आतल्या फाइल्ससकट, मालकांच्या नव्या खात्याकडे वळवली आणि त्यांना मॉडिफायची, म्हणजे फाइली वाचण्या-बदलण्याची आणि चालवण्याची परवानगी दिली. प्रोग्राम उघडला.

मग तो आकडा मालकांना दाखवला. परवानगी त्यांच्याच जुन्या खात्याची हवी होती आणि ते खातं जुन्या मशीनवरच राहिलं होतं.