कालवं, बोटीची खिडकी आणि स्टीलचं महागडं घड्याळ

आमच्याकडे रत्नागिरीत जून लागला की आजोबांचं चावीचं घड्याळ तांदळाच्या डब्यात जायचं, कारण हातात ठेवलं तर आठवड्याभरात काचेच्या आतून वाफ धरायची. त्यामुळे लक्झरी घड्याळ म्हणजे सोन्याचं, पातळ, लग्नात मिरवायचं असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. आज लोक ज्यांच्यामागे वेडे झालेत त्या डिझाइन्सचं मूळ पाण्यात आहे.

पाणी आत न शिरणाऱ्या घड्याळाची सुरुवात रोलेक्सने 1926 मध्ये केली, त्याच्या बाहेरच्या डबीला नाव दिलं ऑयस्टर, म्हणजे आपली कालवंच. कालव कसं घट्ट मिटतं ते सुरीने फोडणाऱ्याला विचारा. मागचं झाकण आणि चावी दोन्ही आट्यांनी आवळलेली. 1927 च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइत्झ ही इंग्लिश जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीत उतरली, दहा तासांहून जास्त गार पाण्यात होती, पोहणं अर्धवट राहिलं पण घड्याळ चालूच.

मग 1969 च्या नाताळात जपानचं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ आलं, जास्त अचूक, सुरुवातीला महाग पण पुढे स्वस्त झालं, आणि स्विस घड्याळवाल्यांची झोप उडाली.

त्यातून जे निघालं ते मला सगळ्यात भारी वाटतं. ऑडमार्स पिगे या स्विस कंपनीसाठी डिझायनर जेराल्ड जेंटाने रॉयल ओक या घड्याळाचं डिझाइन एका रात्रीत काढलं असं तो स्वतः सांगायचा, बाजारात आलं 1972 ला. डोक्यात होतं पाणबुड्याचं हेल्मेट, म्हणून काचेभोवती अष्टकोनी कडं आणि त्यावर उघडे आठ स्क्रू. रुंदी 39 मिमी, त्या काळात अवाढव्य, आणि साधं स्टील असून सोन्याच्या बऱ्याच घड्याळांपेक्षा महाग! लोक हसले असणारच, मी पण हसलो असतो. पण बाकीच्यांनी जे लपवलं तेच याने दागिन्यासारखं वर मांडलं.

1976 ला जेंटानेच पाटेक फिलीप या दुसऱ्या स्विस कंपनीसाठी नॉटिलस केलं, यावेळी बोटीची गोल खिडकी. दोन बाजूंचे ते कान म्हणजे खिडकीच्या बिजागऱ्या. बोटीने प्रवास केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तरी माझं मत रॉयल ओकलाच, नॉटिलस जरा गुळगुळीत झालंय.

आणि रॉयल ओकचा नकली माल ओळखायचा तर स्क्रूच्या खाचा बघा. खऱ्यात त्या सगळ्या एका रांगेत असतात, कारण षटकोनी डोकं खळग्यात बसलेलं असल्याने फिरतच नाही, आवळायचं मागून. बाजारातल्या नकलांमध्ये बऱ्याचदा आठ खाचांची तोंडं आठ दिशांना.